रुपेरी मुखवट्याचा सांतो

एल सांतो हा मेक्सिकोच्या व्यावसायिक कुस्तीतला सर्वांत गाजलेला मल्ल. चाळीस वर्षे तो रुपेरी मुखवटा घालून लढला आणि एवढ्या काळात प्रेक्षकांना त्याचा चेहरा दिसला नाही. त्याचे खरे नाव रोदोल्फो गुस्मान ऊएर्ता. जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी, इदाल्गो राज्यातल्या तुलान्सिंगो गावी. सात भावंडांत तो पाचवा. पुढे घर मेक्सिको सिटीला हलले. तिथे तो बेसबॉल खेळला, जुजुत्सू शिकला आणि अखेर कुस्तीत रमला.

मेक्सिकोतल्या या कुस्तीला लुचा लिब्रे म्हणतात. साल्व्हादोर लुत्तेरोथ याने १९३३ मध्ये कंपनी काढून तिला धंद्याचे रूप दिले. लढत दोरांनी वेढलेल्या चौकोनी रिंगमध्ये होते. प्रतिस्पर्ध्याचे खांदे टेकवून पंचाने तीन आकडे मोजेपर्यंत दाबून धरले की एक फेरी जिंकली. तीनपैकी दोन जिंकल्या की कुस्ती मारली. निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हटले की लोक चिडतात. तिथे मात्र ठरलेली कुस्ती किती जीव तोडून वठवली, याचेच पैसे मोजले जातात. आपटणे, मुरगळणे, मोडणारी हाडे, हे सगळे खरेच असते. मल्लांचे दोन गट असतात. तेक्निको नियमाने लढतात, तर रूदो पंचाची नजर चुकवून डोळ्यांत बोटे घालतात.

मुखवट्याची चाल १९३० च्या दशकात आली. सुरुवातीचे मुखवटे अंतोनियो मार्तिनेस नावाच्या बूट शिवणाऱ्या कारागिराने तयार केले. पुढे मुखवटाच पणाला लावण्याची प्रथा पडली. हरणाऱ्याने तो सर्वांसमक्ष उतरवायचा, खरे नाव सांगायचे आणि पुन्हा कधी घालायचा नाही. ज्याला मुखवटा नाही त्याने केस पणाला लावायचे.

रोदोल्फोने आधी दोन-तीन नावे घेऊन पाहिली. त्यांतले एक होते ‘दुसरा मुर्सिएलागो’, म्हणजे दुसरा वटवाघूळ. त्यावर मूळच्या वटवाघळाने तक्रार केली आणि ते नाव सोडावे लागले. मग हेसूस लोमेली या पंचाने रुपेरी पोशाखातल्या मल्लांचा ताफा जमवताना त्याच्यापुढे संत, सैतान आणि देवदूत अशी तीन नावे ठेवली. त्याने संत निवडले. २६ जुलै १९४२ रोजी तो ‘एल सांतो’ म्हणून प्रथम उतरला. हा संत वीसएक वर्षे रूदो होता, आणि तेही चांगलाच खुनशी! १९४३ मध्ये मेक्सिको सिटीतल्या आरेना कोलिसेओचे उद्घाटन झाले, तेव्हा मुख्य कुस्तीत तार्सान लोपेसविरुद्ध तोच होता. ती कुस्ती तो हरला. गोरी गेरेरोबरची त्याची जोडी ‘अणुजोडी’ म्हणून प्रसिद्ध झाली. हा गोरी म्हणजे पुढे टीव्हीमुळे भारतातही माहीत झालेल्या एडी गेरेरोचा बाप. पालथ्या पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर बसायचे, त्याचे हात आपल्या मांड्यांवर अडकवायचे आणि दोन्ही पंजांनी हनुवटी धरून मान मागे खेचायची, हा डाव मूळ गोरीचा, गाजवला सांतोने.

१९५२ साल त्याच्या आयुष्यात निर्णायक ठरले. सप्टेंबरात होसे जी. क्रूस याने त्याच्यावर साप्ताहिक चित्रकथा सुरू केली. तीत सांतोची छायाचित्रे कापून रेखाटनांवर चिकटवलेली असत. तीत तो दीनदुबळ्यांचा कैवारी होता. ७ नोव्हेंबरला त्याने ब्लॅक शॅडोला हरवून त्याचा मुखवटा उतरवला. शॅडोचा जोडीदार ब्लू डिमन सूडाला पेटला आणि पुढच्या वर्षी त्याने सांतोला हरवून जागतिक विजेतेपद हिसकावून घेतले. मात्र सांतोचा मुखवटा शाबूत राहिला. निकाल ठरवणाऱ्या धंद्यात याचा अर्थ तो अजिंक्य होता असा होत नाही. तो चेहरा एकदा उघडा पडला असता तर पुढची सगळी कमाई बुडाली असती, एवढाच होतो.

सिनेमाची पहिली संधी त्याने नाकारली होती. १९५८ मध्ये मात्र तो क्यूबाला गेला आणि क्रांतिकारक हवानात शिरण्याच्या तोंडावर त्याचे पहिले दोन चित्रपट तिथे उरकले गेले. त्यांत त्याला दुय्यम काम होते. पुढे मात्र त्याच्या चित्रपटांची एकूण संख्या पन्नासच्या वर गेली. १९६२ च्या एका चित्रपटात तो रक्तपिपासू स्त्रियांशी लढतो, तर १९७२ च्या दुसऱ्यात ग्वानाहुआतो शहरातल्या ममींशी, आणि तेही एकेकाळचा वैरी ब्लू डिमन याच्या साथीने. खर्च बेताचा, कथा बाळबोध, आणि मध्येच एखादी पूर्ण कुस्ती घुसडलेली. पण प्रेक्षक रांगा लावत. पडद्यावरचा नायक रिंगमध्ये खलनायक राहणे कठीण होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तेक्निको झाला.

मुखवटा तो चारचौघांतही घालून असे. जेवताना हनुवटी मोकळी राहील असा वेगळा मुखवटा त्याच्याकडे होता. परदेशी चित्रीकरणाला तो सहकाऱ्यांपासून वेगळ्या विमानाने जाई, कारण विमानतळावरच्या तपासणीत चेहरा दाखवावा लागे. १२ सप्टेंबर १९८२ रोजी, पासष्टीला टेकलेला असताना, तो निवृत्त झाला. जानेवारी १९८४ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात त्याने अचानक मुखवटा वर सरकवला. चेहऱ्याचा बराचसा भाग क्षणभर दिसला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ फेब्रुवारीला, रंगमंचावरचा प्रयोग आटोपल्यावर हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. त्याला मुखवट्यासह दफन केले गेले.

त्याचा धाकटा मुलगा १९८२ मध्येच ‘एल इहो देल सांतो’, म्हणजे सांतोचा पुत्र, या नावाने तोच रुपेरी मुखवटा घालून उतरला होता. वडील रूदो म्हणून वाढले, हा पहिल्यापासून तेक्निको. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसला त्याने मुखवटा पणाला लावला. समोरच्या नेग्रो कासासने केस लावले होते. कासास हरला आणि त्याचे डोके भादरले गेले.