हत्यार कोणाचे, धंदा कोणाचा?
व्हिडिओ गेमचा व्यवसाय आणि लिनक्सची वाट

मालेगाव-भिवंडीच्या माग चालविणाऱ्या बांधवांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. माग स्वतःचा असेल तर माणूस मंदीतही तग धरतो. माग दुसऱ्याचा असेल तर तेजीतही त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. आता अशी कल्पना करा की, मागाचे भाडे ठरलेले आहे, तुम्ही ते वेळेवर भरता आहात आणि एके दिवशी मालकाचा निरोप येतो : पुढच्या वर्षापासून भाडे तर द्याच, शिवाय तुमचा कपडा जितक्या घरांत जाईल त्या प्रत्येक घरामागे वेगळे पैसे मोजा, जे वाण तुम्ही पूर्वीच बाजारात आणले आहे, तेही यात धरले जाईल.

असा निरोप कापडाच्या नव्हे, व्हिडिओ गेमच्या धंद्यात आला, 2023 साली. आपल्या घराघरांतून आता मुले संगणक शिकत आहेत. त्यांतील एखादा 'मला गेम बनवायचे आहेत' असे म्हणाला की वडीलधारी मंडळी त्याला उडवून लावतात, किंवा कर्ज काढून त्याला महागडी सामग्री घेऊन देतात. दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. या धंद्याचे गणित काय आहे ते आधी समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

2023 चा धडा

गेम बनविणारा कारागीर प्रत्येक गोष्ट शून्यापासून करीत नाही. पडद्यावर चित्र हलविणे, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या हे ओळखणे, आवाज वाजविणे अशी नेहमीची कामे करणारे सॉफ्टवेअर तयार मिळते. त्याला 'गेम इंजिन' म्हणतात. कारखान्यात जे स्थान यंत्राचे, तेच येथे इंजिनाचे.

यांपैकी 'युनिटी' नावाचे इंजिन जगभरच्या छोट्या कारागिरांत फार चालते. 12 सप्टेंबर 2023 रोजी या कंपनीने जाहीर केले की, 1 जानेवारी 2024 पासून कमाई व प्रती यांची ठराविक मर्यादा ओलांडलेल्या गेमला प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क द्यावे लागेल. सर्वांत लहान योजनेत ही मर्यादा वर्षाला 2 लाख डॉलर कमाई आणि एकूण 2 लाख इन्स्टॉल अशी होती, व शुल्क प्रत्येकी 20 सेंटपर्यंत होते. बाजारात आधीच आलेल्या गेमलाही ते लागू होणार होते. मोठा गदारोळ उठला. दहाच दिवसांत कंपनीने अटी पुष्कळ सौम्य केल्या, ऑक्टोबरमध्ये तिच्या प्रमुखाने पद सोडले आणि सप्टेंबर 2024 मध्ये हे शुल्क पूर्णपणे रद्द झाले.

शुल्क गेले, पण शंका राहिली. ज्याने तीन-चार वर्षे खपून एक गेम उभा केला, त्याच्या कमाईचा हिशेब दुसऱ्याच्या एका घोषणेने बदलू शकतो, हे सर्वांनी पाहिले. देण्याघेण्याचा व्यवहार आधी ठरवून लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला सूरह बकराहने दिली आहे. ती शिकवण हत्याराच्या करारालाही लागू आहे असे आम्ही मानतो.

मालकीचे हत्यार

या प्रश्नाचे एक उत्तर लिनक्सच्या जगात आहे. 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणक चालविणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो अशा परवान्याखाली खुला केला की, कोणीही तो वापरावा, उघडून पाहावा, बदलावा आणि पुढे द्यावा. फुकट मिळणे ही यातली लहान गोष्ट. दिलेला हक्क परत काढून घेता येत नाही, ही मोठी.

याच धर्तीवर गेम बनविण्याची हत्यारेही तयार झाली. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्झुर यांनी आपले 'गोदो' हे इंजिन फेब्रुवारी 2014 मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्याचा परवाना अगदी थोडक्यात असा : वापरा, विका, बदला, फक्त परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. तुमच्या गेमच्या विक्रीतून एक पैसाही कोणाला द्यावा लागत नाही. उद्या गोदोच्या चालकांचे मन बदलले, तरी आज तुमच्या हाती असलेली आवृत्ती तुमच्याकडेच राहते. 2023 च्या गदारोळात 'टेरारिया' हा प्रसिद्ध गेम बनविणाऱ्या री-लॉजिक या कंपनीने गोदोला 1 लाख डॉलरची देणगी दिली, ती याच कारणासाठी.

या हत्याराने केलेले काम बाजारात चालते का? होय. 'ब्रोटाटो', 'डोम कीपर', 'कॅसेट बीस्ट्स' हे लहान चमूंनी किंवा एकट्या माणसाने गोदोवर बनविलेले गेम जगभर विकले गेले आहेत.

त्रिमिती आकृत्यांसाठी 'ब्लेंडर' आहे. ते बनविणारी हॉलंडची कंपनी 2002 साली बुडाली, तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत 1 लाख युरो गोळा करून ते हत्यार सोडवून घेतले आणि कायमचे खुले केले. 2025 साली ऑस्कर मिळविणारा लाटवियाचा 'फ्लो' हा चित्रपट याच ब्लेंडरवर तयार झाला आहे. चित्रांसाठी क्रिटा, नक्षीकामासाठी इंकस्केप, आवाजासाठी ऑडॅसिटी, ही सर्व लिनक्सवर विनामूल्य चालतात.

येथे एक कटू गोष्ट बोलणे आम्हाला भाग आहे. आपल्या कित्येक दुकानांत चित्रांची व अक्षरजुळणीची महागडी सॉफ्टवेअरे चोरीच्या प्रतींवर चालतात. 'सगळेच करतात' हे उत्तर बाजारात चालेल, कायद्यापुढे चालणार नाही आणि हलाल रोजीच्या हिशेबात तर मुळीच नाही. खुली हत्यारे हाताशी असताना चोरीच्या हत्यारावर धंदा उभा करण्याचे काही कारण उरत नाही. त्याचप्रमाणे, हत्यारासाठी व्याजाचे कर्ज काढण्याचेही कारण नाही.

गिऱ्हाईक कोठे आहे?

मात्र लिनक्सवर गेम बनविणे आणि केवळ लिनक्सवाल्यांना गेम विकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील लोकी ही कंपनी 1998 साली दुसऱ्यांचे गेम लिनक्सवर आणून विकण्यासाठी निघाली. काम उत्तम होते, पण गिऱ्हाईक थोडे होते. 2002 च्या जानेवारीत कंपनीला टाळे लागले. तिच्या काळात घडलेले 'एसडीएल' हे खुले साधन मात्र आजही असंख्य गेममध्ये काम करीत आहे.

लिनक्सचे गिऱ्हाईक थोडे असले तरी कद्रू नाही. मे 2010 मध्ये काही स्वतंत्र कारागिरांचे गेम 'हम्बल इंडी बंडल' या नावाने एकत्र विकले गेले. किंमत गिऱ्हाइकाने स्वतः ठरवावयाची होती. एकूण साडेबारा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि सरासरी सर्वांत जास्त पैसे लिनक्सवाल्यांनी दिले : विंडोजवाल्यांचे सुमारे 8 डॉलर, तर लिनक्सवाल्यांचे 14 हून अधिक.

'स्टीम' हे गेमचे सर्वांत मोठे दुकान 2013 साली लिनक्सवर आले. 2022 साली त्याच कंपनीने 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळण्याचे यंत्र काढले, ते लिनक्सवरच चालते. तरीही ऑक्टोबर 2025 मध्ये स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा तीन टक्क्यांच्या थोडाच वर होता. म्हणून आमचा सल्ला असा : हत्यार लिनक्सवरचे ठेवा, माल सर्वांना विका. गोदोमधून एकाच लिनक्स संगणकावर बसून विंडोज, लिनक्स व अँड्रॉइड यांच्यासाठी गेम काढता येतो. आयफोनसाठी मात्र अॅपलचा संगणक लागतो.

आपल्या भाषांचाही विचार येथे करावा. मार्च 2023 मध्ये आलेल्या गोदोच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरे आणि उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू लिपी नीट दिसते. मराठी व उर्दू शाळांतील मुलांसाठी शब्दांचे, हिशेबाचे छोटे खेळ करणे त्यामुळे सोपे झाले आहे.

पैशाचा हिशेब

स्टीमवर प्रत्येक गेमसाठी 100 डॉलर भरावे लागतात. गेमची विक्री 1,000 डॉलरवर गेली की ते परत मिळतात. विक्रीतील 30 टक्के वाटा दुकान घेते. 5 डॉलरचा गेम शंभरांनी घेतला तर 500 पैकी 350 उरले, आणि त्यातून परत केलेल्या प्रती व कर वजा जातात. अमेरिकेतील विक्रीवर तिकडचा कर कापला जातो, तेव्हा आधी आपल्या हिशेबनिसाला विचारावे. 'इच डॉट आयओ' या दुकानात नोंदणी विनामूल्य आहे व दुकानाला किती वाटा द्यावयाचा ते विकणाराच ठरवितो. नवशिक्याने सुरुवात तेथून करावी.

गोदोची लिनक्सवरील साधी आवृत्ती शंभर एमबीहूनही लहान आहे. तयार गेम बाहेर काढण्याचे साचे वेगळे उतरवावे लागतात, ते मोठे असतात. साध्या सपाट चित्रांच्या गेमसाठी जुना संगणकही चालतो.

दोन गोष्टींपासून मात्र दूर राहावे. पहिली, पैसे लावून खेळावयाचे खेळ. तो जुगार आहे, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून त्यावर बंदीही घातली आहे. दुसरी, झटपट श्रीमंतीची स्वप्ने. बहुतेक गेम फार थोडे विकले जातात. म्हणून हातातला धंदा सोडू नये. संध्याकाळचे दोन तास द्यावेत, पहिला गेम महिन्याभरात संपेल इतका लहान घ्यावा आणि तो संपवावा. अर्धवट टाकलेल्या दहा गेमपेक्षा पूर्ण झालेला एक गेम अधिक शिकवितो.

आपल्या उस्तादांनी शागीर्दाला प्रथम हत्याराची निगा शिकविली, मग काम. मुलगा नव्या धंद्याकडे वळत असेल तर त्याला रोखू नका. फक्त एवढे विचारा, 'बाळ, हत्यार कोणाचे आहे? त्याचा करार तू वाचलास का?' या प्रश्नाचे नीट उत्तर ज्याच्याजवळ आहे, त्याच्या मेहनतीत अल्लाह बरकत देवो.