ट्रॅक्टरच्या चाकांना रंग की पावडर कोटिंग?

गंजाचे स्थान, दुरुस्तीची सोय आणि नटांची बैठक पाहून निर्णय घ्यावा

हंगाम संपल्यावर इंजिनातील तेल बदलले जाते, फिल्टर साफ होतो, अवजारांना ग्रीस मिळते. चाकाच्या रिमकडे मात्र बहुधा टायर पंक्चर झाल्यावरच लक्ष जाते. टायर उतरवल्यावर रिमच्या आतल्या बाजूस पोपडे सुटलेले आणि व्हॉल्व्हच्या छिद्राभोवती पत्रा गंजाने खाल्लेला दिसतो. अशा वेळी रिम नेहमीप्रमाणे रंगवून घ्यावी, की ग्रिल, लोखंडी फर्निचर व मोटारसायकलच्या चाकांसाठी ठिकठिकाणी केले जाणारे पावडर कोटिंग करून घ्यावे, असा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहतो. पावडर कोटिंगची चकाकी पाहून अनेकांचा कल तिकडे झुकतो. परंतु शेतीतील चाकाचे आयुष्य चकाकीवर ठरत नाही. लेपाखालचा पत्रा किती स्वच्छ केला, लेप फुटल्यावर तो जागेवर दुरुस्त करता येतो का आणि नट जेथे बसतात त्या जागा कशा ठेवल्या, या तीन बाबींवर ते ठरते.

गंज कोठे सुरू होतो

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. पाण्यात क्षार असल्यास ती अधिक वेगाने घडते. म्हणूनच कोकणातील खारजमिनी, केरळमधील पोक्कळी भातखाचरे, सुंदरबनचा परिसर आणि विदर्भातील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा अशा ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या चाकांना विशेष जपावे लागते. खतवाहतूक करणाऱ्या ट्रॉलीची स्थितीही वेगळी नसते. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड लोखंडाचा शत्रूच आहे. युरिया सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानाला सापेक्ष आर्द्रता ७३ ते ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की हवेतील ओलावा ओढून विरघळू लागतो. पावसाळी हवेत फटीत अडकलेले खताचे दाणे असे दिवसचे दिवस ओले राहतात आणि त्यांच्याखालचा पत्राही ओला राहतो.

रिमवर गंजाची ठराविक ठिकाणे आहेत: टायरची कडा जेथे बसते ती पट्टी, व्हॉल्व्हचे छिद्र, रिमला वेल्ड केलेले कान आणि डिस्क व रिम यांमधील फट. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरले असेल, तर गळक्या व्हॉल्व्हमधून झिरपणारे पाणी ट्यूब आणि रिम यांच्यामध्ये साचते. तेथे होणारा गंज बाहेरून दिसत नाही. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापते. त्यामुळे ते वरचा लेप आतून उचलते, फोडते आणि नव्या पाण्याला वाट करून देते.

द्रवरूप रंग: दुरुस्तीस सोपा, शिस्तीस कठीण

गावातील गॅरेजमध्ये सर्वसाधारणपणे रेड ऑक्साइड प्राइमर आणि त्यावर सिंथेटिक इनॅमल दिले जाते. ही पद्धत स्वस्त व सोपी आहे, मात्र तिचा एक थर वाळल्यावर जेमतेम २५ ते ४० मायक्रॉन जाडीचा होतो. चिखलातील खडे आणि धसकटे यांच्या घर्षणापुढे असा पातळ थर फार काळ टिकत नाही. याहून पुष्कळ चांगला पर्याय म्हणजे झिंक फॉस्फेटयुक्त इपॉक्सी प्राइमर आणि त्यावर पॉलियुरेथेन रंग. हे दोन्ही दोन घटकांचे असतात. रंगात हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच मिसळावा लागतो आणि मिश्रण ठरलेल्या वेळेत संपवावे लागते. इपॉक्सी पत्र्याला घट्ट धरतो, पण उन्हात त्याची भुकटी होऊ लागते. पॉलियुरेथेन ऊन सोसतो. म्हणून दोहोंची जोडी उपयुक्त ठरते.

रंगाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची दुरुस्ती शेतावर करता येते. टायर बदलताना पट्टीच्या टोकाने टवका उडाला, तर ती जागा घासून, पुसून, प्राइमर व रंगाचा हात देऊन त्याच आठवड्यात बुजवता येते. ब्रशने रंग देताना कानांच्या मागचे कोपरे आणि वेल्डच्या कडाही नीट भरता येतात.

रंगाला हवामानाची शिस्त मात्र लागते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असल्यास रंगकाम करू नये आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश अधिक असावे. पावसाळी संध्याकाळी दिलेला रंग वरून वाळलेला वाटतो, पण खाली अडकलेला ओलावा पहिल्याच हंगामात फोड आणतो. पूर्ण कडकपणा येण्यास साधारण आठवडा लागतो. त्याआधी चाक चिखलात घालू नये. रब्बीची काढणी आणि खरिपाची तयारी यांमधील उन्हाळ्याचे दिवस या कामास सर्वांत योग्य.

पावडर कोटिंग: एकसंध कवच, पण फुटल्यास अवघड

पावडर कोटिंगमध्ये द्रावक नसतो. कोरड्या रंगीत राळेच्या भुकटीला विद्युतभार देऊन ती जमिनीशी जोडलेल्या लोखंडी भागावर फवारली जाते आणि नंतर भट्टीत वितळवून पक्की केली जाते. धातूचे तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस इतके १० ते २० मिनिटे राहावे लागते. येथे भट्टीतील हवेचे नव्हे, धातूचे तापमान महत्त्वाचे आहे. मागच्या चाकाची जाड रिम तापायला वेळ घेते. पातळ पत्र्याच्या ग्रिलसोबत घालून त्याच वेळेत बाहेर काढली तर लेप दिसायला चकचकीत पण आतून कच्चा राहतो.

नीट पक्का झालेला लेप ६० ते १०० मायक्रॉन जाडीचा, एकसंध आणि खड्यांचा मार सोसणारा असतो. थंड झाल्यावर चाक लगेच वापरता येते. न चिकटलेली भुकटी पुन्हा वापरता येते आणि थिनरची वाफ हवेत जात नाही. भुकटीचा प्रकार मात्र तपासावा. निव्वळ इपॉक्सी आणि इपॉक्सी-पॉलिस्टर मिश्रण घरातील वस्तूंसाठी ठीक असते; उन्हात राहणाऱ्या चाकाला बाह्य वापराची पॉलिस्टर भुकटीच हवी.

ट्रॅक्टरच्या रिमबाबत तीन अडचणी ध्यानात घ्याव्यात. पहिली, विद्युतभारामुळे भुकटी खोल कोपऱ्यांत सहज शिरत नाही. कानांच्या मागे, म्हणजे गंज जेथे आधी धरतो तेथेच, लेप पातळ राहण्याचा धोका असतो. दुसरी, खड्डे पडलेल्या जुन्या पत्र्यात अडकलेले तेल व ओलावा भट्टीत बाहेर पडून लेपाला बारीक छिद्रे पाडतात. शिवाय खड्डे भरण्याची नेहमीची पुट्टी एवढी उष्णता सोसत नाही. तिसरी, लेप एकदा फुटला की पाणी कडेने आत शिरून त्याखाली पसरते. वरचे कवच शाबूत दिसते आणि खाली गंज वाढत राहतो. ही दुरुस्ती शेतावर भट्टी लावून करता येत नाही आणि संपूर्ण लेप काढणे हेही वेळखाऊ काम आहे.

दोहोंच्या आधी: रिम लेपास योग्य आहे का?

लेप हे संरक्षण आहे. झिजलेल्या पत्र्याला तो बळ देत नाही. टायर, ट्यूब व व्हॉल्व्ह पूर्ण काढून, चाक धुऊन, तेलकटपणा घालवून प्रथम तपासणी करावी. नटांच्या छिद्रांभोवती, वेल्डजवळ आणि टायर बसण्याच्या कडेवर भेगा आहेत का ते पाहावे. छिद्रे लांबट झाली असतील, भेग दिसत असेल किंवा पत्रा खोल खाल्ला गेला असेल, तर ती रिम बाद करावी. जाड लेपाखाली भेग झाकली जाते, म्हणून ही तपासणी लेपाआधीच झाली पाहिजे.

पृष्ठभाग तयार करण्यासाठी सँडब्लास्टिंग सर्वोत्तम. ‘एसए २½’ ही स्वच्छतेची आंतरराष्ट्रीय श्रेणी मागावी. तिच्यात पत्रा जवळजवळ पांढरा दिसेपर्यंत साफ होतो. साफ झालेला पत्रा उघडा ठेवू नये, त्याच दिवशी प्राइमर किंवा कोटिंग द्यावे. क्षारयुक्त भागातील रिम ब्लास्टिंगपूर्वी गोड्या पाण्याने धुणे आवश्यक आहे, कारण खड्ड्यांत उरलेले क्षार नव्या लेपाखालीही आपले काम करीत राहतात. ब्लास्टिंगची सोय नसेल, तर तारेचा ब्रश व ग्राइंडर वापरून रंगाचाच मार्ग घ्यावा. अशा पृष्ठभागावर पावडर कोटिंग करणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय.

जुना रंग घासताना मास्क लावावा. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक रंग तिच्या कक्षेत येत नाहीत. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. त्याची फवारणी योग्य श्वसनसाधन असलेल्या कारागिरानेच करावी.

नटांची बैठक: जिवाशी निगडित बाब

रंग असो वा कोटिंग, डिस्क हबवर जेथे टेकते तो भाग आणि नट जेथे बसतात त्या जागा यांवर जाड लेप राहता कामा नये. नट आवळताना लेपही दाबला जातो. चाक फिरू लागल्यावर तो आणखी चेपतो, सरकतो आणि नटाची पकड सैल होते. भरलेली उसाची ट्रॉली रस्त्यावर असताना नट ढिले होणे म्हणजे छिद्रे लांबट होणे, स्टड तुटणे आणि अखेरीस चाक निखळणे. पावडर कोटिंगचा थर जाड असल्याने तेथे हा धोका अधिक. म्हणून या जागा भट्टीपूर्वी उष्णता सोसणाऱ्या टेपने किंवा बुचांनी झाकून घ्याव्यात. चाकांमधील अंतर कमी-अधिक करण्यासाठी रिम व डिस्क उलटवून बसवावी लागते; त्या जोडाच्या पृष्ठभागांनाही हाच नियम लागू आहे.

चाक बसवल्यावर उत्पादकाच्या पुस्तिकेतील टॉर्कनुसार नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. पहिल्या फेरीनंतर आणि पुन्हा सुमारे १० तासांच्या कामानंतर ते तपासावेत. टायर चढवलेल्या रिमवर, हवा काढलेली असली तरीही, वेल्डिंग करू नये किंवा तिला उष्णता देऊ नये. आतील वायू पेटून टायर फुटू शकतो.

कोणत्या चाकाला काय?

- चिखलणीची मागची चाके व लोखंडी केज व्हील: इपॉक्सी प्राइमर व पॉलियुरेथेन रंग. टवके उडणारच, म्हणून दुरुस्तीची सोय महत्त्वाची.
- खाऱ्या जमिनीतील किंवा खतवाहतुकीची चाके: सँडब्लास्टिंगनंतर इपॉक्सी प्राइमरचे दोन हात व वर पॉलियुरेथेन, प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणे.
- रस्त्यावर धावणाऱ्या ट्रॉलीची नवी किंवा खड्डे नसलेली चाके, ट्रॅक्टरची पुढची चाके: चांगली भट्टी जवळ असल्यास पावडर कोटिंग, शक्यतो इपॉक्सी प्राइमरच्या थरावर.
- खोल खड्डे नसलेली, पण जुनी व खडबडीत रिम: रंग.
- पिकअप वाहनाची अॅल्युमिनियमची चाके: उष्णतेवर काटेकोर नियंत्रण असलेल्या ठिकाणीच पावडर कोटिंग. जुना लेप जाळून काढू देऊ नये. अधिक उष्णतेने या मिश्रधातूचे बळ घटते.

वर्कशॉपमध्ये विचारावयाचे प्रश्न

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना पुढील प्रश्न सोबत द्यावेत. ब्लास्टिंग कोणत्या श्रेणीपर्यंत होईल? भुकटी बाह्य वापराची आहे का? धातूचे तापमान कशाने मोजले जाते? नटांच्या जागा झाकल्या जातील का? लेपाची जाडी मापकावर दाखवता येईल का? कानांच्या मागची जाडी वेगळी मोजून घ्यावी. कोटिंग पक्के झाले की नाही, याची सोपी चाचणी म्हणजे आतल्या बाजूस द्रावकात भिजवलेला कापूस घासून पाहणे. रंग कापसावर भरभरून उतरला किंवा लेप मऊ पडला, तर तो कच्चा राहिला आहे असे समजावे.

खर्चाचा हिशेब केवळ रंग आणि कोटिंग यांच्या दरांवर करू नये. टायर उतरवणे-चढवणे, सँडब्लास्टिंग, ने-आण आणि चाक नसल्याने ट्रॅक्टर उभा राहण्याचे दिवस, या सर्वांची बेरीज करून ती अपेक्षित वर्षांनी भागावी. टायर उतरवण्याचा आणि ब्लास्टिंगचा खर्च दोन्ही पर्यायांत सारखाच असतो. त्यामुळे सफाईत बचत करून महाग लेप घेण्यापेक्षा सफाई उत्तम करून साधा लेप घेणे अधिक किफायतशीर ठरते.

लेप कोणताही निवडला, तरी त्याची खरी परीक्षा दर हंगामाच्या शेवटी होते. चाक धुऊन, वाळवून, व्हॉल्व्हचे छिद्र, कान आणि नटांच्या जागा निरखण्यास अर्धा तास पुरतो. नटाभोवती तांबूस ओघळ दिसला, तर तो नट ढिला असल्याची खूण असू शकते. अशा चाकावर पुढची खेप न नेता प्रथम नट, स्टड आणि छिद्रे तपासावीत.