गाडीवर ओरखडे पाडतं कोण? आपलंच फडकं!

सोयाबीन काढणीच्या दिवसांत वाशिम-कारंजा भागात फिरून आलेल्या गाडीवर धुळीचा थर असतोच. त्यातले वाळूचे कण रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कडक. कोरडं फडकं मारणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच!

आधी नुसतं पाणी टाकून धूळ उतरवा. मग दोन बादल्या घ्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबर कापड दर वेळी साध्या पाण्यात खळबळूनच पुन्हा शाम्पूत बुडवा. सुरुवात टपापासून. चाकं शेवटी, वेगळ्या कापडानं. भांड्यांची पावडर नकोच.

धुणं सावलीत, बोअरचं क्षाराचं पाणी उन्हात वाळलं की पांढरे डाग पडतात.

आणि उन्हाळ्यात पाणीच नसेल तर? काचा ओल्या कापडानं पुसा, बाकी गाडी धुळकट राहू द्या. धुळीनं रंग जात नाही, घासण्यानं जातो.