तळ्यातला मासा आपल्या भरवशावर



गेल्या श्रावणात तीन दिवस आभाळ उघडले नाही. चौथ्या दिवशी पहाटे आपल्या एका सभासदाच्या शेततळ्यात कटला, रोहू उलटे तरंगताना दिसले. "कुणीतरी विष घातलं हो साहेब," ते म्हणाले. विष नव्हते, पाण्यातला प्राणवायू संपला होता.

नदीतल्या माशाला कोणी खाद्य घालत नाही, तरी तो जगतो. वाहत्या पाण्यात हवा मिसळत राहते. पाणी बिघडले तर मासा दुसऱ्या डोहाकडे सरकतो. अर्थात लाखो अंड्यांतून मोजकेच मोठे होतात. निसर्गाला तो तोटा परवडतो, आपल्याला नाही. तळ्यातला मासा पळणार कुठे? हिरवे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू देते, रात्री तेच ओढून घेते. त्यात शेणखत, उरलेले खाद्य कुजते.

म्हणून हेक्टरी ५ हजारांच्या आसपासच बोटुकली सोडावी. ढगाळ दिवसांत खाद्य-खत कमी करावे. पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळू लागले, तर दोन्ही लगेच बंद करून ताजे पाणी उंचावरून पाडावे. फवारणीचा पंप तळ्यात कधीही धुऊ नये.

उसाला पाणी द्यायला निघालात की आधी तळ्यावर एक चक्कर मारा. शंका आल्यास गट ऑफिसला भेटावे.

— ऊस विकास अधिकारी