गजकर्णाचे फसवे रूप

भीमाकाठी वढू बुद्रुक येथे उसाची दारे धरणाऱ्याचे पाय तासन्‌तास ओले राहतात. घामाचे कपडे अंगावरच वाळतात. त्वचेवरील बुरशीस एवढे पुरते. पायाच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून चिरते, त्या चिखल्या. जांघेत किंवा कमरेस तांबूस, खाजरे वर्तुळ उठते, ते गजकर्ण. त्याची कड पसरत असता मधली कातडी निवळते आणि रोगी फसतो.

स्टेरॉइडमिश्रित मलमाने कंड थांबतो. बुरशी मात्र आत वाढतच राहते. अशी अनेक मलमे चिठ्ठीविना विकण्यास २०१८ साली मनाई झाली, तरी ती मागितली जातातच.

वासराच्या डोळ्यांभोवती करडे, केस गळालेले चट्टे दिसल्यास त्यास हाताळून हात साबणाने धुवावेत. ती बुरशी माणसासही लागते. घरातील सर्व बाधितांनी उपचार एकाच वेळी घ्यावेत.