सालाँ, पॅरिस

फ्रान्सच्या राजसत्तेच्या आश्रयाने पॅरिस येथे भरविण्यात येणारे अधिकृत कलाप्रदर्शन. ‘सालाँ’ ह्या फ्रेंच शब्दाचा अर्थ दिवाणखाना असा आहे. लूव्ह्‌र राजवाड्यातील ‘सालाँ कारे’ (चौरस दिवाणखाना) ह्या दालनात १७२५ पासून हे प्रदर्शन भरू लागल्यामुळे त्याला हे नाव प्राप्त झाले. १६६७ ते १८८१ ह्या कालावधीत, काही खंड वगळता, फ्रान्समधील चित्रकार व मूर्तिकार यांच्या कृती लोकांसमोर येण्याचा तो प्रमुख राजमान्य मार्ग होता. राजाच्या वैभवाचे दर्शन घडविण्यासाठी निर्माण झालेल्या ह्या संस्थेने कलेविषयी मत व्यक्त करणारा एक स्वतंत्र प्रेक्षकवर्ग घडविला आणि पुढे त्याच वर्गापुढे राजसत्तेच्या अभिरुचीचीही परीक्षा होऊ लागली, हे तिच्या इतिहासाचे मर्म होय.

उगम : चौदाव्या लूईच्या बालपणी, १६४८ मध्ये, चित्रकला व मूर्तिकला यांची शाही अकादमी स्थापन झाली. कारागिरांच्या जुन्या संघाच्या बंधनांतून राजाश्रित कलावंतांना मुक्त करणे व त्यांना विद्वानांच्या तोडीची प्रतिष्ठा मिळवून देणे, हा तिचा उद्देश होता. ह्या प्रतिष्ठेपायी अकादमीच्या सदस्यांना दुकान मांडून चित्रे विकण्यास मनाई होती. साहजिकच आपल्या कृती लोकांना दाखविण्यासाठी त्यांना दुसऱ्या मार्गाची आवश्यकता भासली. कॉलबेअर ह्या मंत्र्याने अकादमीची पुनर्रचना केल्यानंतर १६६७ मध्ये सदस्यांच्या कृतींचे पहिले प्रदर्शन भरले. १६७३ च्या प्रदर्शनाच्या वेळी प्रथमच छापील सूची-पुस्तिका काढण्यात आली. पुढे युद्धे व द्रव्याची टंचाई यांमुळे प्रदर्शने विरळ झाली. १६९९ मध्ये लूव्ह्‌रच्या भव्य वीथीत एक मोठे प्रदर्शन झाले. राजाच्या वास्तुखात्याचा प्रमुख ऑरी याने १७३७ मध्ये त्यांना नियमितपणा आणला. १७४४ व १७४९ ही वर्षे सोडता १७५१ पर्यंत ती दरवर्षी व त्यानंतर वर्षाआड भरत राहिली.

स्वरूप व कार्यपद्धती : प्रदर्शनाचे उद्‌घाटन सामान्यतः २५ ऑगस्ट रोजी, म्हणजे राजाचा नामदिन असलेल्या संत लूईच्या सणाच्या दिवशी होत असे. प्रवेश विनामूल्य होता. केवळ अकादमीच्या सदस्यांना व तिने मान्यता दिलेल्या उमेदवारांनाच त्यात भाग घेता येई. १७४८ पासून कृतींची निवड करण्यासाठी सदस्यांचे परीक्षक मंडळ नेमण्यात येऊ लागले. भिंतींवर चित्रे चौकटीस चौकट भिडवून, तळापासून छतापर्यंत लावीत. मोठी चित्रे वर व लहान खाली अशी साधारण मांडणी असे. ही जबाबदारी एका सदस्यावर सोपविली जाई. स्थिरवस्तुचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या शार्दँने ती अनेक वर्षे सांभाळली. एखादे चित्र दृष्टीच्या टप्प्यात यावे की छतालगत जावे, हे ह्या मांडणीवर ठरत असल्यामुळे तिच्यावरून कलहही होत.

अकादमीच्या शिकवणुकीनुसार चित्रविषयांची श्रेणी ठरलेली होती. धार्मिक, पौराणिक व ऐतिहासिक प्रसंगांची चित्रे सर्वश्रेष्ठ, त्यांखालोखाल व्यक्तिचित्रे, नंतर दैनंदिन जीवनाची व निसर्गाची चित्रे आणि अखेरीस स्थिरवस्तुचित्रे असा तो क्रम होता. राजदरबारातून मोठी कामे प्रामुख्याने पहिल्या प्रकारच्या चित्रकारांना मिळत. अकादमीत स्त्रियांची संख्या चारपुरती मर्यादित करण्यात आली होती. १७८३ मध्ये व्हीझे-लब्रँ व लाबीय-ग्वीआर ह्या चित्रकर्त्रींना सदस्यत्व मिळाल्यामुळे त्यांची चित्रे सालाँत येऊ शकली.

कलासमीक्षेचा उदय : सरदार, व्यापारी, कारागीर व नोकरचाकर एकाच दालनात चित्रे पाहू लागल्यामुळे, कलेवर बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उपस्थित झाला. ला फाँ द सँ-येन याने १७४६ च्या प्रदर्शनावर टीका करणारी पुस्तिका १७४७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक कलावंतांनी तिच्याबद्दल तीव्र नाराजी दर्शविली. विश्वकोशकार दनी दीद्रो याने १७५९ ते १७८१ ह्या काळात नऊ सालाँवर लेखन केले. ते हस्तलिखित पत्रिकेतून यूरोपातील निवडक राजेरजवाड्यांकडे जात असल्यामुळे प्रकाशन-नियंत्रणाचा जाच त्याला सोसावा लागला नाही. आधुनिक कलासमीक्षेचा पाया ह्या लेखनाने घातला.

राजाश्रयातील अंतर्विरोध दाव्हीदच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. सोळाव्या लूईच्या कारकीर्दीत वास्तुखात्याचा प्रमुख दांझीव्हिये याने नीतिपर ऐतिहासिक चित्रे मुद्दाम करवून घेतली. त्याच धोरणातून ‘होरेशियसपुत्रांची शपथ’ (सालाँ, १७८५) व ‘ब्रूटस’ (सालाँ, १७८९) ही दाव्हीदची चित्रे निर्माण झाली. राजकोशातून खर्च झालेल्या ह्या चित्रांत पुढे लोकांनी प्रजासत्ताकाचा संदेश वाचला. १७९१ मध्ये राष्ट्रीय सभेने सालाँ सर्व कलावंतांना खुले केले आणि १७९३ मध्ये शाही अकादमी बरखास्त झाली.

पुनःस्थापित राजसत्ता : नेपोलियननेही आपल्या विजयांच्या प्रसिद्धीसाठी सालाँचा उपयोग केला. ग्रोचे ‘जाफा येथील प्लेगग्रस्त’ (१८०४) हे त्याचे ठळक उदाहरण. बूर्बाँ राजघराणे परतल्यावर खरेदी व पदके यांद्वारा राजाश्रय चालू राहिला. हयात कलावंतांच्या कृतींसाठी १८१८ मध्ये लुक्सांबूर संग्रहालय उघडण्यात आले. तथापि १८१९ मध्ये झेरीकोने ‘मेड्यूसाचा तराफा’ हे चित्र मांडले. राजपक्षीय कप्तानाच्या नादानपणामुळे १८१६ मध्ये घडलेली जहाजफुटीची दुर्घटना हा त्याचा विषय असल्याने ते केवळ ‘जहाजफुटीचे दृश्य’ अशा मोघम नावाने दाखविण्यात आले. १८२४ च्या सालाँत दलाक्र्वाचे ‘कीऑस येथील कत्तल’ हे चित्र शासनाने विकत घेतले, तर कॉन्स्टेबल ह्या इंग्रज निसर्गचित्रकाराला दहाव्या चार्ल्सकडून सुवर्णपदक मिळाले. लूई फिलिपच्या कारकीर्दीत दलाक्र्वाचे ‘लोकांचे नेतृत्व करणारी स्वतंत्रता’ (सालाँ, १८३१) हे चित्र शासनाने ३,००० फ्रँकला घेतले. परंतु ते लवकरच लोकांच्या नजरेआड ठेवले गेले.

१८३३ पासून सालाँ पुन्हा वार्षिक झाले. परीक्षण मात्र कला अकादमीच्या सदस्यांच्या हाती होते. खाजगी चित्रविक्रीची व्यवस्था तुटपुंजी असल्यामुळे नकार म्हणजे उपजीविकेवरच घाला ठरे. निसर्गचित्रकार तेओदोर रूसो याला १८३६ पासून अनेक वर्षे हा अनुभव आला.

नाकारलेल्यांचे सालाँ : तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८६३ मध्ये, सादर झालेल्या सुमारे ५,००० कृतींपैकी निम्म्याहून अधिक नाकारल्या गेल्या. तक्रारी वाढल्यावर सम्राटाने नाकारलेल्या कृतींचे वेगळे प्रदर्शन भरविण्याचा आदेश दिला व निर्णय लोकांवर सोपविला. मानेचे ‘हिरवळीवरील भोजन’ व व्हिस्लरचे ‘शुभ्रवसना युवती’ ही चित्रे तेथे होती. बहुसंख्य प्रेक्षक हसले. पण परीक्षकांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येते, हे सम्राटाच्याच आदेशाने सिद्ध झाले. १८७४ मध्ये दृक्‌प्रत्ययवाद्यांनी स्वतंत्र प्रदर्शन भरविले आणि १८८१ मध्ये, प्रजासत्ताकाच्या काळात, शासनाने सालाँचा कारभार कलावंतांच्या संस्थेकडे सोपविला.

प्रसार व प्रभाव : लंडनची रॉयल अकॅडमी (१७६८) तिसऱ्या जॉर्जच्या आश्रयाने स्थापन झाली, मात्र तिची प्रदर्शने प्रवेशशुल्कावर चालत. स्पेनमध्ये राणी दुसरी इझाबेला हिच्या हुकुमान्वये १८५६ पासून राष्ट्रीय प्रदर्शने भरू लागली, तर जपानमध्ये शिक्षण मंत्रालयाने १९०७ मध्ये सालाँच्या धर्तीवर वार्षिक प्रदर्शन सुरू केले. मुंबईत १८८८ मध्ये स्थापन झालेली बाँबे आर्ट सोसायटी ही खाजगी संस्था असली, तरी निवड, वार्षिक प्रदर्शन व पदके ही तिची पद्धती ह्याच परंपरेशी नाते सांगते. शासनमुक्त झालेल्या पॅरिसच्या सालाँत अमृता शेरगिल यांच्या ‘तरुण मुली’ (१९३२) ह्या चित्राचा गौरव झाला व १९३३ मध्ये त्यांना तेथील सहसदस्यत्व मिळाले.

कृती निवडण्याचा अधिकार राजसत्तेने दीर्घकाळ आपल्या हाती ठेवला. परंतु त्याच कृती सर्वांना विनामूल्य पाहू दिल्याने त्यांचे मोल ठरविण्याचा अधिकार तिच्या हातून हळूहळू निसटला. शासकीय निधीतून भरणाऱ्या प्रदर्शनांत निवड कोणी व कोणत्या निकषांवर करावी, ह्या वादाची मुळे ह्या इतिहासात आढळतात.