एफएसएच वाढतं तेव्हा

रक्ततपासणीत एफएसएच (अंडाशयातल्या पुटिका वाढवणारं संप्रेरक) जास्त दिसलं, की त्यामुळेच गर्भ राहत नाही असा समज होतो आणि ते खाली आणणाऱ्या औषधाचा शोध सुरू होतो. त्यात मोलाचे महिने जातात, हे वाईट.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच रक्तात सोडते. ते सगळीकडे फिरतं, पण त्याचं ऐकतात त्या प्रामुख्याने अंडाशयातल्या आणि वृषणातल्या ठरावीक पेशी, कारण त्यांच्यावर त्याचे ग्राही (संदेश टिपणारी प्रथिनं) असतात. संप्रेरक पेशीत शिरत नाही. दारावरची बेल दाबावी तसं ते ग्राहीला बाहेरूनच चिकटतं. पुढचं काम पेशी करते. पुटिका वाढते, इस्ट्रोजेन तयार होतं आणि तेच पीयूषिकेला ‘आता पुरे’ असं कळवतं. उत्तर आलं नाही, तर पीयूषिका बेल दाबतच राहते. रिपोर्टमधला चढा आकडा म्हणजे हे दाबणं. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी तो उतरतो. पुटिकांची संख्या वाढत नाही.

बहुतेकदा पुटिकाच कमी उरलेल्या असतात. क्वचित बेल बिघडलेली असते. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या काही कुटुंबांत ग्राहीच्या जनुकातला असा दोष सापडला. त्या स्त्रियांच्या रक्तात एफएसएच भरपूर होतं, अंडाशयं मात्र प्रतिसाद देत नव्हती. तोच दोष असलेल्या पुरुषांत शुक्राणू कमी आढळले, तरी काही जण बाप झाले होते. असा दोष असलेल्या स्त्रीला एफएसएचची इंजेक्शनं उपयोगी पडत नाहीत, पण गर्भाशय निरोगी असेल तर दात्या स्त्रीच्या बीजांडाने गर्भ राहू शकतो.